निनावी गुपिताचा पत्ता



स्मृतिव्याख्यानांत बहुधा मोठ्या आवाजात बोलल्या गेलेल्या गोष्टींची चर्चा होते. चळवळी, भाषणे, ग्रंथ, खटले. आजचा विषय नेमका दुसऱ्या टोकाचा आहे. जे माणसे कोणालाच सांगत नाहीत, ते नाव न सांगता चारचौघांसमोर कसे मांडतात? आणि त्या मांडण्यात कलेचे काम काय? चार मुद्द्यांत हे पाहू. माध्यम, पूर्वज, राखणदार आणि धोके. शेवटी थोडे आपल्या घरचे.

सुरुवात वॉशिंग्टन शहरातून. साल 2004, महिना नोव्हेंबर. जवळच्याच मेरीलँड राज्यातल्या जर्मनटाउनला राहणारे, छोटा व्यवसाय करणारे फ्रँक वॉरन नावाचे गृहस्थ रस्त्यावर अनोळखी माणसांच्या हातात पोस्टकार्डे देत होते. अशी 3,000 कार्डे त्यांनी छापून घेतली होती. एका बाजूला वॉरन यांचा पत्ता, दुसरी बाजू कोरी. विनंती एवढीच, की या कोऱ्या बाजूवर तुमचे एक गुपित लिहा आणि पेटीत टाका. अटी दोन. गुपित खरे असावे, आणि आजवर ते कोणालाही सांगितलेले नसावे. नाव अर्थातच नको.

कल्पना करा, दादर स्टेशनाच्या पुलावर कोणी असे कार्ड हातात दिले तर आपण काय करू? बहुतेक जण चार पावले पुढे जाऊन ते टाकून देतील. वॉशिंग्टनमध्येही अनेकांनी तेच केले असणार. पण काहींनी लिहिले. आलेली कार्डे ‘आर्टोमॅटिक’ नावाच्या तिथल्या कलाप्रदर्शनात लागली. प्रदर्शन संपले, छापलेली कार्डे संपली, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. लोक स्वतःच कार्डे बनवून पाठवू लागले. वॉरन दर रविवारी त्यांतली निवडक कार्डे प्रसिद्ध करू लागले, 2005 मध्ये पहिले पुस्तक आले. 2015 मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयाने या कार्डांचे प्रदर्शन भरवले. ‘पोस्टसीक्रेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमात आजवर 10 लाखांहून अधिक कार्डे आली आहेत.

आता पहिला मुद्दा, माध्यमाचा. पोस्टकार्डच का?

कार्ड काय असते हे या सभागृहातल्या पिकल्या केसांना सांगायला नको. कार्ड म्हणजे उघडे पत्र. पोस्टमन वाचणार, वाड्याच्या दारात ज्याच्या हाती पडेल तो वाचणार, आणि मग ज्याचे त्याला मिळणार. म्हणून तर काही नाजूक लिहायचे असले की माणसे आंतर्देशीय नाहीतर पाकीट घेत. मृत्यूची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा फाडलेला कोपरा दिसला, की मजकूर वाचण्याआधीच घरात रडू फुटे. म्हणजे सगळ्यांत उघडा कागद तो हाच. मग आयुष्यातले सगळ्यांत झाकलेले वाक्य माणसाने त्याच कागदावर का लिहावे?

एक कारण जागेचे. तळहाताएवढ्या कागदावर कहाणी मावत नाही. पार्श्वभूमी मावत नाही, समर्थन मावत नाही, ‘पण माझी बाजू अशी’ हेही मावत नाही. एक वाक्य मावते, फार तर दोन. वर्षानुवर्षे मनात घोळलेल्या गोष्टीचे एक वाक्य करायला बसले, की पहिल्यांदा ठरवावे लागते की आपल्याला टोचते आहे ते नक्की काय. चोरी केली ते, की ती दुसऱ्यावर ढकलली ते?

दुसरे कारण हातांचे. ही कार्डे नुसती लिहिलेली नसतात. कोणी जुना फोटो चिकटवतो आणि त्यातला एक चेहरा कापून काढतो. कोणी मासिकातली अक्षरे कातरून वाक्य जुळवतो. काहींनी कार्डच वापरले नाही, कॉफीच्या कागदी कपावर लिहून तो कप पोस्टात टाकला. पाठवणारे चित्रकार नव्हेत. एरवी त्यांनी शाळा सुटल्यापासून कात्रीला हात लावलेला नसेल. पण रंग, डिंक, कात्री घेऊन तासभर एका वाक्यापाशी बसणे हे बडबडीपेक्षा फार वेगळे काम आहे. त्या तासात माणूस आपल्या गुपिताकडे बाहेरून बघतो. हे चौकोनात कुठे ठेवू? रंग कोणता देऊ? असे प्रश्न तो त्याला विचारू लागतो.

आणि तिसरे कारण लाल पेटीचे, म्हणजे अमेरिकेत निळ्या पेटीचे. आत टाकलेले कार्ड परत काढता येत नाही.

याने बरे वाटते का? मानसशास्त्राने हा प्रश्न विचारलेला आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा 1986 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग गाजलेला आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटे लिहायला बसवले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या घटनेवर. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या तुलनेने कमी झाल्या. कोलंबिया विद्यापीठातले मायकेल स्लेपियन यांनी गुपितांचाच अभ्यास केला. गुपितांचे 38 प्रकार त्यांनी मांडले. लोकांना विचारले, तर सरासरी एका माणसापाशी 13 प्रकारची गुपिते निघाली, आणि त्यांतली पाच कोणालाच न सांगितलेली. त्यांचा दुसरा निष्कर्ष आपल्या विषयाला अधिक उपयोगी आहे. लोकांसमोर गुपित लपवावे लागते, त्याचा ताण असतोच. पण एकटे असताना मन पुन्हा पुन्हा तिकडे जाते, त्याचा त्रास त्याहून जास्त. म्हणजे गुपित माणसाला चारचौघांपेक्षा एकांतात अधिक छळते.

यावरून कोणी कला म्हणजे औषध असा अर्थ काढू नये. प्रयोगातले विद्यार्थी प्रदर्शनासाठी लिहीत नव्हते. कार्डे पाठवणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे कोणी मोजलेले नाही, आणि निनावी माणसाचे मोजणार तरी कसे?

वातावरण फार गंभीर झाले असेल, तर एक सांगायला हरकत नाही. वॉरन यांच्याकडे सगळ्यांत जास्त वेळा येणारे गुपित कोणते असेल? खून? व्यभिचार? नाही. शॉवरखाली अंघोळ करता करता लघवी उरकतो, ही कबुली. हे स्वतः वॉरन यांनीच सांगितले आहे. आणि त्याच्या खालोखाल जे गुपित येते, ते ऐकून मात्र हसू थांबते. मला असे एक माणूस हवे आहे, ज्याच्यापाशी सगळे बोलता येईल.

दुसरा मुद्दा पूर्वजांचा. हे सारे 2004 मध्ये अचानक उगवले नाही.

मेक्सिको सिटी, 1978. मोनिका मायेर या तरुण चित्रकर्तीला तिथल्या आधुनिक कला संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी काम द्यायचे होते. त्यांनी शहरातल्या वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या थरांतल्या सुमारे 800 स्त्रियांना एक वाक्य पुरे करायला दिले. बाई म्हणून या शहरातली मला सगळ्यांत नकोशी वाटणारी गोष्ट म्हणजे... पुढची जागा मोकळी. गुलाबी कागदांच्या चिठ्ठ्या आल्या. मायेर यांनी त्या संग्रहालयात दोऱ्यांवर चिमट्यांनी टांगल्या, धुतलेले कपडे वाळत घालावेत तशा. कामाचे नावच ‘एल तेंदेदेरो’, म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. चिठ्ठ्यांमध्ये वारंवार काय आले? बसमधले हात. रस्त्यावरच्या शिट्ट्या. अंगचटी. बघायला आलेल्या बायका तिथेच उभ्या राहून आपली चिठ्ठी लिहून टांगू लागल्या.

इथे काय घडले हे लक्षात घ्यावे. प्रत्येकीला जे आपले एकटीचे वाटत होते, ते दोरीवर शंभरदा दिसले. एकेक चिठ्ठी गुपित होती. 800 चिठ्ठ्या मिळून ते शहराचे वर्णन झाले. तिथे लैंगिक छळाविरुद्धचे कायदे यायच्या कितीतरी आधी कपड्यांच्या दोरीने ही गणती केली.

दोन वर्षांनी, 1980 मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात भिंतींवर एक पत्रक चिकटलेले दिसू लागले. मजकूर साधारण असा, की चोरांनो, लबाडांनो, हौशी आणि धंदेवाईक गुन्हेगारांनो, तुम्ही माणसांचे वाईट केले आहे; तर माफीही माणसांकडेच मागा, सरकारकडे किंवा देवाकडे नको. खाली फोन नंबर. फोन उचलायला माणूस नव्हता, उत्तरे टिपणारे यंत्र होते. हे ॲलन ब्रिज या चित्रकाराचे काम. त्याने स्वतःचेही नाव लपवले होते; फोन करणारे त्याला ‘मिस्टर अपॉलॉजी’ म्हणत. यंत्रावर काय काय आले! दुकानातली उचलेगिरी, बायकोला फसवणे, आईला वृद्धाश्रमात टाकणे. काहींनी खुनाचीही कबुली दिली. त्यांतली खरी कोणती आणि रचलेली कोणती, हे कळायला मार्ग नव्हता. पुढे पुढे लोक आपले सांगून झाल्यावर दुसऱ्यांचे ऐकू लागले, ऐकून उत्तरेही ठेवू लागले. हा उद्योग 15 वर्षे चालला. ऑगस्ट 1995 मध्ये ब्रिज समुद्रात डुबकी मारत असताना एका जेट-स्कीच्या धडकेने मरण पावला. जेट-स्की चालवणारा थांबला नाही आणि कधी सापडलाही नाही.

हजारो अनोळखी लोकांची माफी ज्याने टिपून ठेवली, त्याच्या मृत्यूची माफी कोणी मागितली नाही. कथेत असे लिहिले असते, तर संपादकाने ‘फार जुळवून आणलेले’ म्हणून परत केले असते.

पुढची उदाहरणे झरझर सांगतो. 1994 मध्ये लंडनच्या जिलियन वेअरिंग यांनी जाहिरात दिली, की कॅमेऱ्यासमोर येऊन सगळे कबूल करा, वेश पालटायची सोय आहे. लोक आले, विचित्र मुखवटे आणि केसांचे टोप चढवून बसले आणि बोलले. क्रोएशियाच्या झाग्रेब शहरात ओलिंका विश्तित्सा आणि द्राझेन ग्रुबिशिच या जोडीचे नाते तुटले, तेव्हा घरातल्या दोघांच्या वस्तूंचे काय करायचे हा प्रश्न पडला. त्यातून 2006 मध्ये ‘तुटलेल्या नात्यांचे संग्रहालय’ उभे राहिले, 2010 पासून झाग्रेबमध्ये त्याची कायमची जागा आहे. जगभरातून लोक वस्तू पाठवतात. नाव नाही. नाते कुठे होते, किती काळ टिकले आणि वस्तूची हकिकत, एवढेच. तिथली सगळ्यांत गाजलेली वस्तू म्हणजे बर्लिनहून आलेली कुऱ्हाड. सोडून गेलेल्या जोडीदाराचे फर्निचर रोज थोडे थोडे फोडायला ती वापरली होती.

आणि कँडी चँग. 2011 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांच्या घराजवळ एक ओसाड घर होते. जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर त्या मरणाचाच विचार करत होत्या. त्यांनी त्या घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला, ‘मरण्यापूर्वी मला...’ हे अपुरे वाक्य ओळीने छापले आणि खडू ठेवले. दुसऱ्या दिवशी भिंत भरली होती. आज अशा 5,000 हून जास्त भिंती 75 हून अधिक देशांत झाल्या आहेत. पुढच्याच वर्षी लास व्हेगासच्या एका हॉटेलात त्यांनी पडदे लावलेले छोटे कक्ष उभारले. आत जायचे, लाकडी पाटीवर कबुली लिहायची, खाचेतून टाकायची. जपानच्या देवळांत नवसाच्या लाकडी पाट्या टांगतात आणि ख्रिस्ती चर्चमध्ये कबुलीजबाबाचा कक्ष असतो, या दोन्ही प्रथांतून हे आले. महिनाभरात 1,500 हून अधिक पाट्या जमल्या.

इथवर ऐकून असे वाटेल, की सूत्र सोपे आहे. नाव काढून टाका, जागा द्या, माणसे बोलतील. तसे असते तर आजचे व्याख्यान इथेच संपले असते आणि चहा लवकर मिळाला असता. पण तसे नाही. तिसरा मुद्दा नेमका हाच आहे, आणि आज जे सांगायचे आहे त्याचा गाभाही हाच.

सप्टेंबर 2011 मध्ये वॉरन यांनी पोस्टसीक्रेटचे मोबाइल ॲप काढले. काय चुकीचे होते त्यात? तेच संस्थापक, तेच नाव, तोच हेतू. पोस्टाचा खर्च नाही, वाट पाहणे नाही. तीन महिन्यांत 20 लाखांहून जास्त गुपिते आली. पोस्टाने इतकी यायला किती वर्षे लागली असती! आणि वर्ष संपता संपता वॉरन यांनी ते बंद करून टाकले. त्यांनी सांगितलेले कारण असे, की बहुसंख्य मजकूर हेतूला धरूनच होता. पण उरलेला थोडासा अश्लील, बीभत्स, काही वेळा धमक्यांचा होता, आणि तो काढून टाकायला स्वयंसेवक चोवीस तास राबूनही पुरे पडत नव्हते. तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या.

कार्डांच्या वेळी हे का झाले नाही? कार्डांतही अश्लील असते, खोटे असते, विकृत असते. फरक कशाचा?

फरक पत्त्याचा. प्रत्येक कार्ड एका खऱ्या घराच्या दारात पडत होते. पाठवणारा निनावी होता, पण घेणारा, म्हणजे या गुपितांचा राखणदार, निनावी नव्हता. फ्रँक वॉरन या माणसाने आपल्या राहत्या घराचा पत्ता जगभर छापला होता. बायको-मुलगी राहत होत्या त्या घराचा. कार्ड लिहिणाऱ्याला ठाऊक होते, की हे कोणीतरी हातात घेऊन वाचणार आहे. वॉरन यांनी इतरांची गुपिते वाचता वाचता स्वतःचेही एक कार्ड लिहिले, घरच्यांना दाखवले आणि पोस्टाने स्वतःलाच पाठवले. म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहून दाखवले. ॲपमध्ये हा दरवाजाच नव्हता. वाक्य लिहिले, बटण दाबले, आणि ते कोणाच्याही हाती न पडता थेट सगळ्यांच्या डोळ्यांवर आदळले.

म्हणून या साऱ्या उपक्रमांकडे पुन्हा एकदा या नजरेने बघावे. मेक्सिकोची दोरी कोणी बांधली? मोनिका मायेर यांनी, आपल्या नावाने, आणि चिठ्ठ्या गोळा करायला त्या स्वतः बायकांपुढे उभ्या राहिल्या. न्यू ऑर्लिन्सची भिंत ही कोणी रात्री गुपचूप रंगवलेली भिंत नव्हे. चँग यांनी घरमालकाला विचारले, शेजाऱ्यांना विचारले, वस्तीच्या संघटनेची संमती घेतली, पालिकेची परवानगी काढली. भिंत भरली की धुवायची, पुन्हा खडू ठेवायचे, हे कोणीतरी करत होते. लास व्हेगासमध्ये त्या स्वतः रोज जमलेल्या पाट्या भिंतीवर टांगत. झाग्रेबमध्ये दोन माणसांनी आपले तुटलेले नाते आधी मांडले, मग जगाला वस्तू पाठवायला सांगितले.

ॲलन ब्रिज हा अपवाद. त्याने नाव लपवले. पण तोही दूर उभा नव्हता. टेप तो स्वतः ऐकायचा आणि काहींशी वर्षानुवर्षे बोलायचा. त्याची किंमत किती होती, ते त्याच्या पत्नीने पुढे 2021 मध्ये ध्वनिमालिकेतून सांगितले. रात्र रात्र दुसऱ्यांचे पाप ऐकणाऱ्याच्या घराचे काय होते? एकटा राखणदार वाकतो, हे त्या हकिकतीतून दिसते.

तेव्हा चौथा मुद्दा, धोक्यांचा. तो टाळून चालणार नाही.

आपल्याकडे निनावी पत्राची कीर्ती काय आहे? जमलेले लग्न मोडायचे असेल, बढती अडवायची असेल, शेजाऱ्याच्या वाढीव बांधकामाची चौकशी लावायची असेल, तर निनावी पत्र. ते नेहमी दुसऱ्याविरुद्ध असते. इथली अट त्याच्या उलट आहे. स्वतःचे लिहा. नाव झाकायचे ते स्वतःला सुरक्षित ठेवण्यासाठी, दुसऱ्यावर नेम धरण्यासाठी नव्हे. पण स्वतःचे गुपित क्वचितच एकट्याचे असते. ‘माझे लग्न ठरले, तरी माझे मन दुसऱ्यात आहे’ या वाक्यात तीन माणसे आहेत, आणि लिहिण्याची परवानगी एकानेच दिली आहे. बर्लिनच्या त्या कुऱ्हाडीची दुसरी बाजू कोणती? सोडून गेलेल्या व्यक्तीने ती संग्रहालयात पाहिली, तर? इथे राखणदाराला हात चालवावा लागतो. नाव खोडायचे, गाव खोडायचे, ओळखू येईल असा चेहरा झाकायचा. हे न करणारा उपक्रम काही आठवड्यांतच निनावी पत्रांची पेटी होऊन बसतो.

खरेखोटेपणाचे काय? कोणी कल्पित गुपित लिहिले, तर? वॉरन यांच्यापाशी पडताळणीचे साधन नव्हते, ब्रिजपाशी नव्हते. पण गंमत अशी, की एखादे कार्ड रचलेले असले, तरी वाचणाऱ्या दहा जणांचे ते खरे असू शकते. म्हणून ही कार्डे पुरावा म्हणून वाचू नयेत. कादंबरीतला माणूस खोटा असतो म्हणून आपल्या डोळ्यांतले पाणी काही खोटे होत नाही.

आणि पैशाचे? लोकांनी फुकट पाठवलेल्या कार्डांची पुस्तके झाली, ती विकली गेली, निर्मात्याला प्रसिद्धी मिळाली. हा प्रश्न विचारायलाच हवा. वॉरन हे आत्महत्या रोखणाऱ्या फोनसेवेचे जुने स्वयंसेवक, आणि या उपक्रमातून त्यांनी त्या कामासाठी निधी व लक्ष दोन्ही मिळवून दिले, हे त्यांच्या बाजूने सांगता येते. तरी निवड त्यांचीच. 10 लाखांतून रविवारी कोणती कार्डे दिसणार आणि कोणती खोक्यात जाणार, हे एक माणूस ठरवतो. चटपटीत कार्ड वर येते, अडखळणारे मागे राहते. राखणदार असला की सत्ताही आली.

सगळ्यांत मोठा धोका तातडीचा. एखाद्या चिठ्ठीवर लिहिलेले असते, की मला आता जगायचे नाही. तिचे काय करायचे? चांगल्या अक्षरात आहे म्हणून मधोमध टांगायची? नाव नाही, पत्ता नाही, शोधणार कोणाला? म्हणूनच वॉरन मदतीच्या फोननंबरचा सतत प्रचार करत आले. माणूस शोधता येत नाही, तर निदान माणसाला शोधता येईल असा नंबर समोर असावा.

आता शेवटी आपल्या घरात येऊ. आपल्याकडे हे काही नव्हते का? होते. दोन ठिकाणी पाहू.

एक, जाते. पहाटे जात्यावर बसून बायकांनी जे गायले, त्यात सासर आहे, मारहाण आहे, माहेरची ओढ आहे, मुलगी झाली म्हणून ऐकलेले टोमणे आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचे नाव त्यांनी जपून नोंदले. पण ती ओवी पहिल्यांदा कोणी रचली, हे कोणालाच सांगता येत नाही. यातच तिची सुरक्षितता होती. सासूने विचारले, हे माझ्याविषयी का? तर सून म्हणू शके, छे, ही तर जुनी ओवी. दुसरीच्या शब्दांत आपले दुःख घालून मोठ्याने म्हणायची ही सोय होती. याला गुपित म्हणावे का, असे कोणी विचारील. शेजारणीला ऐकू जात होते हे खरे. पण ऐकू जावे आणि अंगाशी येऊ नये, हीच तर मेक्सिकोच्या दोरीचीही रीत.

दुसरे ठिकाण मुंबईतले. जुलै 1927 मध्ये र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यात वाचकांचे प्रश्न येत. असे प्रश्न, जे त्या काळी नवरा बायकोला आणि रोगी डॉक्टरला विचारू शकत नव्हता. शरीराविषयी, वासनेविषयी, भीतीविषयी. प्रश्न विचारणारा पडद्याआड राही आणि कर्वे उत्तर देत, रोखठोक, चुकलेल्याला चुकलात म्हणून. ही चित्रकला नव्हती, मान्य. पण पोस्टाने आलेले निनावी गुपित आणि ते घेणारा नाव-पत्त्याचा माणूस, हा सांगाडा तोच आहे. 1934 मध्ये या उत्तरांवरूनच कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्वे यांना दंड झाला.

आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे होते, हे बघावे. प्रश्न विचारणारे सुखरूप घरी होते. ज्याचे नाव मुखपृष्ठावर छापलेले होते, तो कोर्टात होता. वॉशिंग्टनपासून मेक्सिकोपर्यंत जे राखणदाराचे काम म्हटले, त्याची मराठीतली किंमत ही अशी मोजली गेली.

तेव्हा मित्रहो, थोडक्यात सांगायचे तर असे. गुपिताला लहान जागा आणि हाताला काम लागते, कार्ड किंवा चिठ्ठी किंवा पाटी. एकेकट्याचे गुपित शेजारी शेजारी टांगले की ते समाजाचे वर्णन होते. सांगणारा निनावी राहायचा असेल, तर घेणाऱ्याला नाव आणि पत्ता लागतो. तो नसला की काय होते, हे तीन महिन्यांच्या ॲपने दाखवले. आणि घेणाऱ्यावर जबाबदारी येते, सत्ता येते, प्रसंगी खटलाही येतो.

आपल्या गावच्या वाचनालयात, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर, गणेशोत्सवाच्या मंडपात असे काही करावे, असे इथल्या तरुण श्रोत्यांपैकी कोणाच्या मनात आले, तर आनंदच आहे. पण दोरी बांधण्याआधी काही गोष्टी कागदावर ठरवा. अपुरे वाक्य कोणते द्यायचे. कारण ‘काहीही लिहा’ म्हटले की कोणी काहीच लिहीत नाही. चिठ्ठी केवढी. पेटी उघडणारी माणसे कोण. ती दोन-तीन तरी असावीत, आणि त्यांची नावे पेटीवर लिहिलेली असावीत. दुसऱ्याचे नाव असलेल्या चिठ्ठीचे काय करायचे. प्रदर्शन उतरल्यावर चिठ्ठ्या कुठे जाणार, जपायच्या की जाळायच्या, आणि हे लिहिणाऱ्यांना आधी सांगितले आहे का. आणि पेटीच्या वर, चिठ्ठीच्या अक्षरांपेक्षा मोठ्या आकड्यांत, 14416 हा नंबर लिहा. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा तो नंबर आहे. 2022 पासून ती चालू आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.